कुंदाताई आणि माझं चार पानी साक्षीपत्र

कुंदाताईंच्या पर्समध्ये लिपस्टिक नसायची, मोजपट्टी असायची. शिंप्याच्या गळ्यात असते तशी मऊ, पिवळी, गुंडाळी करून ठेवलेली. शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळात ती पट्टी ठाऊक नाही असा माणूस नव्हता, आणि तिचा सर्वांत जास्त मार खाल्लेला माणूस मी. एका संक्रांतीला तिळगुळाच्या ताटाभोवती जमलेल्यांना मी सांगत होतो, की आम्ही अमेरिकेत नवीन आलो त्या हिवाळ्यात इतका बर्फ पडला, की मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर पाऊल टाकलं आणि तसाच चालत ऑफिसला गेलो. वाटेत पायाला काहीतरी टोचलं म्हणून वाकून बघतो तर शेजाऱ्याच्या गाडीचा अँटेना! मंडळी हसत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "शरदराव, किती इंच?"

"इंच कसले ताई, दहा-बारा फूट!"

"मोजला होतात?"

त्यांनी पट्टी काढली, खुर्चीवर चढून भिंतीला लावली आणि म्हणाल्या, "हे छत आठ फुटांवर संपलं. शिवाय तुम्ही तेव्हा तळमजल्यावर राहत होतात. दुसरा मजला कुणाचा वापरलात?"

लोक माझ्या गोष्टीला हसले होते त्याच्या दुप्पट या वेळी हसले. कुंदाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांना कुणाची फजिती करायची नसायची, त्यांना खरोखरच आकडा हवा असायचा. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेली होती. "अंदाज हवामानाचा बांधावा, माणसाचा नाही," असं त्या म्हणायच्या. त्यांची आणि आमची भिंत एकच. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी साडेसहाला भिंतीपलीकडून कुकरच्या दोन शिट्ट्या ऐकू यायच्या आणि मग सगळं शांत.

मग एका उन्हाळ्यात शिट्ट्या चार झाल्या.

मारेक पोलंडचा. जुन्या चर्चमधली लाकडी बाकं दुरुस्त करणारा सुतार, तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेला, साठीला टेकलेला, दाराएवढा रुंद. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, एकच मुलगी झोशा, ती पोलंडमध्ये. तो लॅबमध्ये रक्त द्यायला आला आणि सुई बघूनच कोसळला. कुंदाताईंनी त्याच्या डोक्याखाली स्वतःचा कोट घातला. "एवढा मोठा माणूस आणि घाबरल्याचं लपवत नाही, याचं मला कौतुक वाटलं," एवढंच त्यांनी माझ्या बायकोला, नीलाला सांगितलं.

मंडळात कुजबूज झालीच. छप्पन्नाव्या वर्षी लग्न, तेही गोऱ्याशी, तेही सुताराशी! एका काकूंनी तोंडावर विचारलं, "कुंदा, या वयात कशाला गं?" कुंदाताई म्हणाल्या, "वय झालं म्हणून जेवण सोडलंत का? बोलायचीही भूक असते." त्यानंतर काकूंनी वर्षभर कुणालाच काही विचारलं नाही.

लग्न काउंटीच्या कोर्टात झालं. माणसं सहा: ती दोघं, मी, नीला आणि मारेकच्या कामावरचे दोन मित्र. सात मिनिटांत आटोपलं. नंतर आमच्याकडे श्रीखंड-पुरी. मारेकने चाळीस पुऱ्या खाल्ल्या. बरं, अकरा. कुंदाताईंच्या धाकाने अजूनही माझा हात आकडा दुरुस्त करतो.

पुढे सुरू झालं ग्रीन कार्डाचं प्रकरण. कुंदाताई अमेरिकन नागरिक, नवरा परदेशी, तेव्हा हे लग्न कागदासाठी केलेलं नाही, खरं आहे, हे सरकारला पटवून द्यायचं. कुंदाताईंनी जी फाइल केली ती मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक फोटोमागे तारीख, जागा आणि फोटोत नसलेल्या पण तिथे हजर असलेल्या माणसांची नावं. बाकीची जोडपी इंटरव्ह्यूसाठी घोकंपट्टी करतात: टूथब्रश कुठल्या रंगाचा, पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण. मी हौसेने म्हणालो, "ताई, मी ऑफिसर होतो, टाय लावून येतो, तुमची उलटतपासणी घेतो." त्या म्हणाल्या, "उत्तरं पाठ नसतात करायची शरदराव. एकत्र राहायचं असतं."

वकीलबाईंनी सांगितलं, ओळखीच्या दोन माणसांची शपथेवर पत्रं जोडा. एक मारेकच्या मित्राने दिलं. दुसऱ्यासाठी कुंदाताई माझ्याकडे आल्या.

"चार ओळी पुरेत. जे पाहिलंत तेवढंच लिहा, आणि पाकीट बंद करून थेट वकीलबाईंना द्या."

"तुम्ही वाचणार नाही?"

"साक्षीदाराचा कागद मीच वाचून तपासला, तर तो साक्षीदार कसला?"

माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकल्याची मला सवय नाही. नीला तेव्हा नागपूरला माहेरी गेली होती, नाहीतर तिने कान धरला असता. मी बसलो लिहायला. पहिल्या चार ओळी खऱ्याच होत्या, पण त्या वाचून माझं मलाच वाटलं, अरे, हे काय प्रेम झालं? सात मिनिटं आणि सहा माणसं! सरकार काय म्हणेल? मग मी लग्नाला दोनशे पाहुणे बोलावले. ढोल आणला. मारेकला घोड्यावर बसवला. गेली तीन वर्षं रोज सकाळी दोघं हातात हात घालून समोरून जाताना बघतो आणि माझे डोळे पाणावतात, असं लिहिलं. वास्तविक मारेकला शेजारी राहायला येऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. चार पानं भरली. खाली 'हे सर्व सत्य आहे' असं छापलं होतं, त्यावर मी झोकात सही केली. वकीलबाईंनी घाईत चाळलं आणि म्हणाल्या, "किती सुंदर!" मी आठवडाभर हवेत होतो.

इंटरव्ह्यू मार्चमध्ये होता. झोशाचं लग्न जूनमध्ये. वकीलबाईंचं मत होतं, इतकी स्वच्छ केस आहे, तेव्हा कार्ड त्याआधी हातात पडेल. कार्ड नाही, निदान प्रवासाची परवानगी तरी. त्या परवानगीशिवाय मारेकने देश सोडला तर अर्जच सोडला असं धरतात. मारेकने निळा सूट शिवून घेतला होता. पोलंडमध्ये मुलगी चर्चला निघण्याआधी आईवडील घरातच तिला आशीर्वाद देतात म्हणे. झोशाला आई नव्हती, तेव्हा ते काम एकट्या मारेकचं होतं. मला तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचा, "शरद, मी रडणार. सगळे बघणार."

इंटरव्ह्यूच्या दिवशी दुपारी आमची बेल वाजली. दारात कुंदाताई. हातात माझ्या पत्राची प्रत.

"शरदराव, घोडा कुठून आणलात?"

मी हसलो. काय करणार, चेहऱ्याला तेवढंच येतं.

"ऑफिसरने एका बाजूला सहा माणसांचा फोटो ठेवला आणि दुसऱ्या बाजूला तुमचं पत्र. म्हणाला, यातलं खरं कुठलं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? फोटो खरा, पत्र खोटं. मग आम्हा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. दीड तास. मारेकला विचारत होते, आणखी काय काय खोटं आहे."

"अहो ताई, मी जरा वातावरणनिर्मिती..."

"ते कथाकथन नव्हतं. शपथ होती." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "फाइल पुढच्या चौकशीला ठेवली आहे. किती दिवस, ते सांगत नाहीत."

मागून मारेक आला. मला वाटलं, आता हा दाराएवढा माणूस मला उचलून अंगणात फेकणार आणि ते योग्यच होईल. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "शरद, घोडा कुठल्या रंगाचा?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे गोष्टीचा पुढचा भाग मागितला आणि मला साधा एक रंग सुचला नाही.

वकीलबाईंनी सांगितलं, साक्षीदाराने स्वतः दुसरं पत्र द्यायला हवं. कुंदाताईंच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ते लिहिलं. या वेळी त्या समोर बसल्या होत्या. पहिली ओळ मीच सुचवली: 'माझ्या आधीच्या पत्रातल्या बऱ्याच गोष्टी खोट्या आहेत.' स्वतःच्या हाताने हे लिहिताना पेन चालेना. पासष्ट वर्षांचा माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, मंडळाचा माजी अध्यक्ष. कुंदाताईंनी चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "लिहा. लाजेने कुणी मरत नाही, मी तपासलंय."

पुढे प्रत्येक वाक्याला त्यांचा एकच प्रश्न: "पाहिलंत?"

"तुमचं एकमेकांवर अतिशय प्रेम आहे."

"पाहिलंत?"

"नाही. म्हणजे... हिवाळ्यात सकाळी सहाला मारेक बाहेर येतो आणि आधी तुमच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतो. मग बसस्टॉपकडे चालत जातो. हे पाहिलंय."

"मग ते लिहा."

"तुम्ही उशिरा आलात की तो पायरीवर बसून असतो. थंडीतसुद्धा."

कुंदाताईंना हे माहीत नव्हतं. गाडी वळताना दिसली की तो उठून आत जायचा. त्या थोडा वेळ खिडकीतून त्या पायरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हेही लिहा."

पत्र अर्ध्या पानात संपलं. पाठवलं. एप्रिल गेला, मे गेला. कार्ड आलं नाही, परवानगीही आली नाही. लग्न पुढे ढकला असं मारेकने मुलीला एकदाही सांगितलं नाही. "सगळं ठरलंय, लोक येणार," एवढंच म्हणाला. उशीर का होतोय तेही त्याने तिला सांगितलं नाही. म्हणाला, कागद.

लग्नाच्या दिवशी सकाळी कुंदाताईंचा फोन आला. "सात वाजता या दोघं. तिकडे दुपार असेल. मुलीच्या बापाकडून कुणीतरी माणसं नकोत का?" मी तापाचं, पाठीचं, वेळ आली असती तर प्लेगचंही कारण दिलं असतं. नीला म्हणाली, "मुकाट्याने कपडे घाला."

मारेक स्वयंपाकघरात निळ्या सुटात उभा होता. नवे बूटही घातलेले, घरात. कुंदाताई नऊवारीत. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर झोशा, पांढऱ्या झग्यात, गुडघे टेकून एका रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली. खुर्चीवर तिकडचा फोन ठेवला असणार, कारण ती थेट आमच्याकडे बघत होती. मारेकने हात उचलला, पडद्यासमोर हवेत क्रूस काढला आणि काहीतरी पुटपुटला. तो रडला नाही. रडणार म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलेला माणूस, मुलीला दिसेल म्हणून ताठ उभा राहिला.

मग झोशाचं माझ्याकडे लक्ष गेलं. बापाला काहीतरी म्हणाली. मारेक म्हणाला, "शरद, ती म्हणते, हेच का गोष्टी सांगणारे काका? एक सांगा म्हणते."

मी पुढे झालो. माझ्याकडे त्या क्षणी एकच गोष्ट होती. मी इंग्रजीत म्हणालो, "तुझे वडील आज तिथे नाहीत ते माझ्यामुळे. मी एका कागदावर खोटं लिहिलं. मला माफ कर."

झोशाला इंग्रजी जेमतेम. तिने बापाकडे पाहिलं. मारेकने पोलिशमध्ये दोन वाक्यं सांगितली. आणि झोशा खळखळून हसली. दोन्ही हात जोडून तिने मला नमस्कार केला, कुंदाताईंनी शिकवलेला. मी कुंदाताईंकडे पाहिलं. वर्षभर चिकाटीने पोलिश शिकलेल्या त्या बाई साखरेच्या डब्याकडे बघत होत्या.

कार्ड सहा आठवड्यांनी आलं. दोन वर्षांनी कुंदाताई निवृत्त झाल्या आणि दोघं पोलंडला, झोशाच्या गावी राहायला गेली. सामान बांधायला मी गेलो होतो. खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता मी शेवटी विचारलंच, "ताई, त्या दिवशी मारेक तिला काय म्हणाला?"

"म्हणाला, काका सांगतायत, माझ्या लग्नात मी घोड्यावरून पडलो आणि घोडाच रडायला लागला."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? तुम्ही?"

त्या खोक्यावर नाव लिहीत होत्या. थांबल्या नाहीत. "ती बोहल्यावर उभी राहायला निघाली होती."

"मग आता मी तिला पत्र लिहितो. सगळं खरं सांगतो."

"नाही." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिने लग्नाचा दिवस परत का आठवायचा? ते तुमच्याकडेच राहू द्या."

राहिलंय. दर नाताळला झोशाचं कार्ड येतं, 'बाबांच्या गोष्टीवाल्या मित्रासाठी' असं लिहिलेलं, आत पोरांचे फोटो. नीला ते फ्रीजवर लावते. मी उलट कार्ड पाठवतो, त्यात हवामानापलीकडे काही लिहीत नाही.

हे एवढं सगळं मराठीत लिहिलंय. झोशाला मराठी येत नाही.