खोकला गाळलेली कॅसेट

नागपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आईला खोकल्यामुळे बोलता आलं नाही. तोंडाला पदर लावून ती नुसता हात हलवत राहिली. तिच्या वाटचं बाबाच बोलले, "आमची फिकर नको करू वं. तू आपलं पाहा." आमच्या महाल भागातली डॉक्टरीण विलायतेला निघाली म्हणून गल्ली लोटली होती. मला मात्र तो खोकलाच ऐकू येत होता.

तिकडच्या हॉस्पिटलात एकदा दूरच्या खेड्यातल्या पेशंटच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आमच्या वॉर्डात उमटला. मोठे डॉक्टर म्हणाले, पुढे पेशंट घरी असेल आणि डॉक्टर कुठेही. मला आई आठवली. पोरगी डॉक्टर असताना दुसऱ्याला कशाला दाखवायचं, म्हणून ती कुणाकडे जात नसे. घरी फोन नव्हता. शेजारच्या कापडदुकानात ट्रंक कॉल लावावा, तर दुकानभर माणसांसमोर "बरी आहो" म्हणून मोकळी.

शेवटी ओळखीच्या एकांबरोबर टेपरेकॉर्डर पाठवला. बाबांना कळवलं, तिला बोलतं करा, मला खोकला ऐकायचा आहे.

कॅसेट आली. आई सांडग्यांबद्दल, कामठीच्या मावशीबद्दल भरभरून बोलली होती. खोकला औषधालाही नव्हता. मध्येच खट् व्हायचं आणि वाक्य भलतीकडूनच पुढे सुरू. यंत्र बिघडलं की काय, म्हणून बाबांना फोनवर विचारलं.

"तिले उबळ आली का मी बटन दाबून देत होतो," ते म्हणाले. "इतक्या दूर खोकला काहून पाठवाचा पोरीले?"

हसू आलं, मग रडूही आलं. कॅसेट पुन्हा लावली. आता खट् म्हणजे उबळ. शेवटी शेवटी तर दोन शब्द झाले की खट्. दुसऱ्या दिवशी फोन करून आईला रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. मीच सांगितलं म्हटल्यावर गेली. फुफ्फुसात पाणी झालं होतं. वेळेवर कळलं म्हणून वाचली.

पुढे काही वर्षांनी बाबाच गेले, झोपेत. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. परतल्यावर आईची कॅसेट आली. तिच्यात कुठेही खट् नव्हतं. आई बोलायची, खोकायची, पाणी प्यायची, पुन्हा बोलायची. जो खोकला मी मागितला होता, तो आता सबंध ऐकू येत होता.

माझ्यासारखे जे दूर गेले, त्यांना घर म्हटलं की अंगण आठवत असेल, दार आठवत असेल. मी ती पहिली कॅसेट लावते. आई बोलत असते, आणि मी बाबांनी बटण दाबण्याची वाट बघत बसते.