टँकर सापडला, ओव्हर

माझी पोस्टिंग झाली त्या चौकीचं नाव लिहायची परवानगी नाही. उंची अठरा हजार फुटांच्या वर, एवढं सांगतो. फायबरची एक झोपडी, एक बंकर, आठ माणसं आणि चहूकडे बर्फ. मी पलटणीत हवालदार. चौकीवरचं रेशन आणि इंधन माझ्या ताब्यात होतं. रोज किती डाळ शिजवायची, किती रॉकेल जाळायचं, हे मी ठरवायचो. घरी मला मिठाचा डबा अजून सापडत नाही. बायको हे वाचून दोनदा हसेल.

मी दक्षिण सोलापूरचा, मंद्रूपच्या बाजूचा. आमच्याकडे पाण्याची शिस्त एकच. टँकरचा हॉर्न आला की घरात जे जे पोकळ असेल ते भरायचं. हंडा, घागर, कळशी, बादली, पातेली, शेवटी तांब्या-पेले. एकदा आईने माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीतून पुस्तकं काढून पाणी भरलं होतं. ती गळली, तरी तिला वाईट वाटलं ते पाण्याचं.

चौकीवरची शिस्त उलटी होती. पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हवालदार, इथं पाणी मोजायचं नाही. रॉकेल मोजायचं. रॉकेल तेच पाणी."

बर्फ वितळवला तरच प्यायला मिळायचं. डाळ शिजवायला, मोजे वाळवायला, रेडिओची बॅटरी उबेत ठेवायला, सगळ्याला तेच रॉकेल. आठ माणसांना दिवसाला एक कॅन. मी "यस सर" म्हणालो. डोक्याला समजलं होतं. हातांना नव्हतं.

नायक दत्ता वाघमोडे माळशिरसचा, कालव्याकाठचा बागायती गडी. हवालदाराला फौजेत उस्ताद म्हणतात. रॉकेल आणणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज आला की दत्ता ओरडायचा, "उस्ताद, टँकर आला. हंडं काढा." महिन्याभरात आमचा केरळी रेडिओ ऑपरेटरसुद्धा हेलिकॉप्टरला टँकर म्हणायला लागला. त्याला आलेलं ते पहिलं मराठी, असा दत्ताचा दावा होता. शब्द इंग्रजी आहे हे दत्ताला सांगून उपयोग नव्हता.

वायरलेसवर आपलं बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणतात. म्हणजे माझं झालं, आता तू बोल. दत्ता जेवण वाढतानाही म्हणायचा, "भात घ्या, ओव्हर."

त्या दिवशी सकाळी साडेसहाला एका जवानाला श्वास घेता येईना. सुभेदार साहेब दोन माणसं घेऊन त्याला खालच्या चौकीवर न्यायला निघाले. वर राहिलो चौघं. मी, दत्ता, ऑपरेटर आणि शिंदे नावाचा शिपाई.

"पाच कॅन आहेत," साहेब म्हणाले. "तुम्ही चौघंच, दिवसाला अर्धा पुरे. मी तीन दिवसांत वर येतो."

"यस सर."

अकरा वाजता रेडिओवर खबर आली. मौसम बिघडणार. पुढची सूचना येईपर्यंत हेलिकॉप्टर नाही.

मी बाहेर आलो. झोपडीमागे रॉकेलचे बारा रिकामे कॅन पडले होते. टँकर बंद आणि भांडी रिकामी. आमच्या घरी याच्याइतकी वाईट बातमी नसते. मी दोन्ही स्टोव्ह पेटवले आणि बर्फ वितळवायला बसलो. कॅन भरायचा, बाहेर ठेवायचा. दुपारी जेवायलासुद्धा उठलो नाही. पाण्याला रॉकेलचा वास राहणार होता, पण आमच्याकडे टँकरच्या पाण्याला त्याहून वाईट वास असतो.

दत्ता ड्यूटी संपवून आला आणि दारातच थांबला.

"उस्ताद, टँकर आला काय?"

"बंद झालाय. म्हणून भरून ठेवतोय."

"पानी कुटं पळून जातंय? भाइर समदं पानीच हाय की."

"तू कालव्याचा माणूस. तुला नाही कळायचं."

"व्हय, ते हाय," म्हणाला, आणि हसत माझ्यासोबत बर्फ फोडायला बसला. उस्तादाचा हुकूम होता. संध्याकाळपर्यंत बारा कॅन भरून एका रांगेत उभे राहिले. रॉकेलचे दोन कॅन संपले होते.

सकाळी पाहिलं, तर बारा कॅनचे बारा दगड झाले होते. भुसभुशीत बर्फ निदान पटकन वितळतो. मी चार दिवसांचं रॉकेल जाळून त्याचे दगड करून ठेवले होते, तेही प्लास्टिकच्या कॅनमध्ये, जे चुलीवर ठेवता येत नाहीत. शिंदेने कुऱ्हाडीने एक फोडून पाहिला. कुऱ्हाडीचा दांडा मोडला.

दत्ता फक्त म्हणाला, "उस्ताद, आता चोर आला तरी चिंता न्हाय. उचलनारच न्हाय त्यो."

वादळ तीन दिवसांत गेलं नाही. साहेब वर येऊ शकले नाहीत. उरलेले तीन कॅन मी अर्धा-अर्धा करून सहा दिवस पुरवले. मग तळाशी उरलेल्यावर शेगडी फक्त ऑपरेटरच्या गारठलेल्या पायांसाठी पेटवायची, असं ठरलं. आठव्या दिवशी सकाळी तेही संपलं. डाळीची पोती शिल्लक होती, पिठाची होती, आणि खायला काही नव्हतं. नवव्या दिवशी ऑपरेटरला बोटं कळेनाशी झाली. बर्फ तोंडात धरला तर आतून अंग गार पडतं, म्हणून तो खायला बंदी. ओठ फुटले होते.

त्याच सकाळी सव्वासहाला ढग थोडे फाटले. चौकीच्या खाली, दोनशे मीटरवर, एक लाल कापड दिसलं. आधीच्या महिन्यात हेलिकॉप्टरने टाकलेला, खुणेचं कापड बांधलेला एक कॅन तिथे घरंगळला होता. उतारावर भेगा आहेत, तो सोडून द्या, असं साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमी नको. तितं जाऊन पानी भरत बसाल." दत्ताने दोर कमरेला बांधला. "मी हलका हाय. दोर नीट धरा फकस्त."

दोर एकच होता. शिंदे आणि मी वर धरून उभे राहिलो. दत्ता पुन्हा भरलेल्या ढगात उतरला आणि दिसेनासा झाला.

सहा चाळीस. वॉकीटॉकी वाजला. "उस्ताद, कापड दिसलं. ओव्हर."

"सावकाश. दोर ताणलेला ठेव. ओव्हर."

सहा बावन्न. "उस्ताद, टँकर सापडला. ओव्हर."

शिंदे हसला. मीही हसलो. आठ दिवसांत पहिल्यांदा. फुटलेल्या ओठांनी हसताना रक्त येतं, म्हणून मी हातमोजा तोंडावर धरला, आणि उत्तर द्यायचं राहिलं.

मग दोराला दोन हिसके बसले. ओढा, अशी ती खूण. वजन होतं. आम्ही ओढलं. ढगातून वर आला तो कॅन.

त्याने स्वतःला सोडून कॅन बांधला होता. आधी रॉकेल वर जाऊ द्या, मग दोर खाली टाका, असा त्याचा विचार असणार. कॅन घेऊन दोराने चढता येत नाही, हे त्याला खाली गेल्यावर समजलं असेल. आम्ही दोर परत टाकला. हिसका आला नाही.

"दत्ता, उत्तर दे. ओव्हर."

"दत्ता. ओव्हर."

ऑपरेटरला बाहेरचं ऐकू जात होतं. तो आतून विचारत राहिला, टँकर आला का.

मी दोराने खाली उतरलो. लाल कापडापासून सात पावलांवर बर्फाला भोक पडलं होतं. आत प्रकाश जात नव्हता.

त्या कॅनवर आम्ही पहिला चहा साडेआठला केला. तो कुणाच्या घशाखाली उतरला नाही, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण उतरला. तिघांनीही पूर्ण मग प्यायला, आणि मी दुसरा घेतला.

दुपारी दोनला आभाळ उघडलं. चारला सुभेदार साहेब पार्टी घेऊन वर आले. मी पाण्यासाठी जाळलेल्या दोन कॅनपैकी एकाचा चौथा हिस्सा जरी शिल्लक असता, तरी सकाळपासूनचे ते दहा तास निघाले असते. साहेबांनी झोपडीमागची रांग पाहिली. फोडलेल्या एकासकट बारा. मी म्हणालो, "साहेब, रिपोर्टात माझी चूक लिहा."

"काय लिहू? पाणी भरून ठेवलं म्हणून?"

दत्ताला दुसऱ्या दिवशी काढलं. मी त्याच्यासोबत माळशिरसला गेलो. दहाव्याचा विधी झाल्यावर त्याच्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पानी भरून ठेवलं, त्यात काय चुकलं बाबा? मीबी भरलं असतं." तिने मला तांब्या दिला. तिने शिव्या दिल्या असत्या, तर मी लवकर घरी पोहोचलो असतो.

निवृत्त होऊन गावी आलो. आमच्याकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. जे प्रमोशन सरकारने दिलं नाही ते एसटी स्टँडवर मिळालं. पाठोपाठ पाणी समितीचं अध्यक्षपदही आलं, कारण दुसरं कुणी घेईना. ग्रामसभेत मी बारा कॅनची गोष्ट सांगितली. आपण जमिनीखालचं पाणी उपसतोय, तेच आपलं रॉकेल आहे, असंही म्हणालो. लोक शांत बसून ऐकत होते. टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सिद्रामप्पा घरी आले. "मेजर, लई भारी बोललात. माझं डोळं उघडलं की."

"बरं झालं."

"टँकर बंद व्हायच्या आधी भरून ठेवायला पाहिजे. शेततळं खांदतोय. बोअरचं पानी उपसून भरतो. सोलर पंप हाय, ऊन फुकट, दिवसभर चालू ठेवतो. नारळ फोडायला तुमीच या."

मी बोलायला तोंड उघडलं. सिद्रामप्पांच्या तोंडावर तोच आनंद होता, जो बारावा कॅन भरताना माझ्या तोंडावर असणार. मी गेलो. नारळ फोडला. प्रसादाचं खोबरंही खाल्लं.

आता गावात शेततळी पाहावीत तितकी आहेत. प्लास्टिकच्या कागदावर निळं पाणी चमकतं आणि आमच्या उन्हात रोज थोडं थोडं उडून जातं. फेब्रुवारीत बोअर आटतात. समितीची बैठक मी बोलावतो. येतो तो ग्रामपंचायतीचा शिपाई, कारण खोलीची किल्ली त्याच्याकडे असते.

आज सकाळी सव्वानऊला गल्लीत हॉर्न वाजला. बायको दारातून म्हणाली, "अहो, टँकर आला." मी उठलो आणि हंडा, घागर, कळशी, बादली, पातेली भरली. तांब्याही भरला. सगळं शिकूनसवरून हात तेच करतात. पाईप पुढच्या घरी गेला, तेव्हा मी भरलेल्या भांड्यांजवळ उभा होतो.

नायक दत्ता वाघमोडे. राहणार माळशिरस. सकाळी सहा बावन्नला तो "ओव्हर" म्हणाला होता.