वासण्यात मी पोचवलेलं वाण

बडोद्याला जायचं तर जानेवारीत जा, असं मी ज्याला त्याला सांगत असते. थंडी बेताची, उंधियू ताजा, विजेच्या तारांवर संक्रांतीचे फाटके पतंग. यंदा मावसबहीण राजश्रीने बोलावलं आणि मी लगेच निघाले. परत आल्यावर या सहलीबद्दल लिहूच नये असं वाटत होतं. पण नेहमीच्या दोघी वाचक सारख्या विचारतायत, म्हणून लिहिते.

पुण्याची गाडी सकाळी पोचते. स्टेशनाबाहेर रिक्षाचं भाडं आधीच ठरवून घ्या. मी ठरवलं नाही, त्यामुळे नागरवाड्यातल्या मावशीच्या घरापर्यंत दामदुप्पट मोजले. मावशीने चहाबरोबर शेवउसळ पुढे केली. वरची तर्री इतकी तिखट, की नाक पुसत खाल्ली आणि पुन्हा मागितली. दुपारी कमाटीबागेत भटकले. म्युझियमला निदान दोन तास ठेवा.

राजश्री युनिव्हर्सिटीत समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या वर्गातली दहाएक पोरं-पोरी, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी वस्त्यांमधून काम करतात. सभा म्हटलं की सासवा सुनांना पाठवत नाहीत, हळदीकुंकू म्हटलं की पाठवतात. म्हणून मराठी घरं असतील तिथे या पोरींनी हळदीकुंकूच धरलं. तिळगुळाच्या प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी: 'घरात मारहाण होत असेल तर या नंबरवर फोन करा.' पुडी तिथेच उघडायची, नंबर पाठ करायचा, चिठ्ठी परत द्यायची. मला फार कौतुक वाटलं. रात्रीच्या जेवणाआधी मीच बसून चाळीस पुड्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी बडोद्यातल्याच वासण्याला गेलो. तिथल्या एका चाळीत सुषमा राहायची. नवरा रिफायनरीत ठेकेदाराकडे कामाला. मागे या पोरांचं पथनाट्य झालं तेव्हा तिने राजश्रीला कोपरावरचा चटका दाखवला होता. मुलीला घेऊन भुसावळला भावाकडे जायचं तिने ठरवलं होतं. भाऊही 'ये' म्हणाला होता. नवरा कामावर असताना फोन कर, आम्ही रिक्षा घेऊन येतो, इतकंच तिला सांगायचं होतं. "ताई, आजचं सगळं हिच्यासाठीच आहे," राजश्री म्हणाली.

बायका छान जमल्या. गुजराती-मराठीचा नुसता काला चालला होता. सुषमा काही आली नाही. सहा वाजले, पोरी सतरंज्या गुंडाळू लागल्या. वाणाची एक वाटी आणि एक पुडी उरली होती. आणि मी, शहाणी, ते वाण उचलून निघाले. आमच्याकडे जी येत नाही तिचं वाण घरी पोचवतात. आईने लहानपणापासून तेच करायला लावलंय. दोनच दारं पलीकडे तर जायचं होतं. चिठ्ठीचा विचार डोक्यात आलाच नाही. खरंच आला नाही.

सासूने दार उघडलं. "या ना, बसा." मला हळदीकुंकू लावलं, पाणी दिलं, पुण्याची चौकशी केली. स्वयंपाकघराच्या दारात सुषमा उभी होती. तिने एकदाच, अगदी हळू, मान हलवली. मला वाटलं लाजतेय. सासूने पुडी टीव्हीवर ठेवली. "दिनेश आला की देते त्याला. त्याला तिळगूळ फार आवडतो." मी समाधानाने बाहेर पडले.

"दिलंस? कुणाच्या हातात?" राजश्रीने विचारलं आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत ती पळत सुटली. मी मागे. तोवर नवरा येऊन पोचला होता. दारातच उभा राहिला, हसरा, पायात अजून कामाचे बूट. "वाण मिळालं हं. आमच्या घरी सगळं बरं आहे. आता येत जाऊ नका," म्हणाला आणि दार लावून घेतलं. आम्ही बराच वेळ दार वाजवलं. चौकीत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "बहेन, बाईने स्वतः यायला पाहिजे. घरनो मामलो छे."

सकाळी परत गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. शेजारणीने खिडकी अर्धीच उघडली. पहाटेच टेम्पोत सामान भरून गावाला गेले, कुठल्या गावाला ते माहीत नाही, म्हणाली. काल आमच्या सतरंजीवर तीच सगळ्यात मोठ्याने हसत होती. "तुम्ही जा आता," म्हणाली, "आमची माणसं पण विचारतायत पुडीत काय होतं."

  स्टेशनावर राजश्रीने माझ्यासाठी लीलो चिवडा घेतला, बर्थखाली बॅग सरकवली आणि म्हणाली, "ताई, वासण्यात आता आम्हाला कुणी दारात उभं करणार नाही." दोन वर्षांचं काम, आणि मी ते पाच मिनिटांत, पाणी पिता पिता संपवलं.

कुठे राहावं, काय खावं, हे खाली विचारलंत तर सांगेन. मला स्वतःला बडोद्यातलं आता एवढंच आठवतं, की सुषमाने मान हलवली होती आणि मला कळलं नाही.

परवा राजश्रीकडून नंबर घेऊन भुसावळला सुषमाच्या भावाला फोन केला. आवाज सज्जन होता. "काळजी करू नका ताई," म्हणाला, "सुषमा आता मजेत आहे. थोडा गैरसमज झाला होता, तो मिटला."

"तुमचं बोलणं झालं तिच्याशी?"

"नाही, ती फोनवर येत नाही. दाजींनीच सांगितलं."