गुणवंताची कानस आणि डोमाचं मेडल

सौंसरच्या बाजारात गुणवंता कासाराचं दुकान आहे. नवी भांडी पुढं, जुनी मोड मागं, आणि मधोमध गुणवंता. या माणसाला एकच नाद. धातूचा तुकडा हाती आला की त्याच्या पोटात काय आहे ते पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. वाजवून पाहील, हुंगून पाहील, आणि शेवटी कानस काढून कडेवर एक घासा मारीलच. वरून चांदी आणि आतून जस्त असले लबाड दागिने त्यानं ढिगानं पकडले. त्याची बायको रजनी सांगते, "लग्नात माह्या बांगड्याबी घासून पाहिल्या या माणसानं." आणि ते खोटं नाही बरं.

तर असा हा गुणवंता मागच्या पौषात चांगलाच तोंडघशी पडला.

झालं काय, नागपूरचे एक रवींद्र नावाचे गृहस्थ दुकानात आले. बँकेतून रिटायर झालेले, आणि छंद जुन्या फौजी मेडलांचा. "तुमच्याकडे मोडीत कधी मेडल आलं का?" त्यांनी विचारलं.

"चार आले होते, पहिल्या महायुद्धाचे," गुणवंता म्हणाला. "अस्सल चांदी. वितळवले, लोकायनं जोडवे करून नेले. पाचवं आलं ते नकली होतं. चित्र तेच, घोड्यावरचा उघडा माणूस अन् खाली कवटी. पण तांब्यावानी तपकिरी."

रवींद्र बसल्या जागेवरून उठले. "अहो, ते नकली नव्हे. ते ब्राँझचं, कांशाचं."

मग त्यांनी जे सांगितलं ते गुणवंता कान टवकारून ऐकत राहिला. ठसा एकच, धातू दोन. लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मेडल, आणि फौजेमागं बोजा वाहणाऱ्या, रस्ते खोदणाऱ्या मजुरांना ब्राँझचं. चांदीची लाखांनी निघाली, ब्राँझची त्या मानानं थोडी, आणि त्यातली कितीतरी तांब्याच्या भावात मोडीत गेली. म्हणून आज संग्रह करणारा माणूस चांदी सोडून ब्राँझच्या मागं धावतो.

"पण मी कांसं ओळखत नाही का?" गुणवंता हट्टाला पेटला. "कांसं वाजते. ते वाजलं नाही."

"तुमच्या ताटाच्या कांशात कथील जास्त असतं, म्हणून ते वाजतं. यात जवळजवळ सगळं तांबं, कथील नावाला. आणि मुख्य म्हणजे कडेवर नंबर, हुद्दा आणि त्या माणसाचं नाव ठोकलेलं असतं. मेडलाची ओळख त्या नावात. कडेला कुणी घासलं नसलं म्हणजे मिळवली."

कडेलाच तर घासलं होतं गुणवंतानं.

ते मेडल जवळच्याच रामाकोना गावच्या भैय्याजींचं. तीस वर्षांपूर्वी ते फक्त एक कडी बसवून घ्यायला आले होते. त्यांचा आजा डोमा परमुलखातल्या बसऱ्याच्या लढाईत सिपाही होता, त्याच्या फोटोला मेडल टांगायचं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी गुणवंतानं सवयीनं कानस चालवली आणि भरल्या दुकानात बोलून बसला, "नकली आहे हे. चांदीचं इकून टाकलं असन कोणीतरी." गावात पोरंटोरं भैय्याजींना नकली सिपाह्याचा नातू म्हणू लागली. त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवला. पुन्हा ते त्याच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुणवंता भिंग खिशात घालून रामाकोन्याला निघाला. वाटभर त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: नाव राहिलं असेल, की आपल्या कानशीनं खाल्लं?

भैय्याजी ऐंशीच्या पुढचे. अंगणात संत्री निवडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "आता काय घासाले आला?"

गुणवंता खाली मातीतच बसला. "भैय्याजी, मी चुकलो. मेडल खरं आहे. मी शिकलेला नाही अन् तोंड चालवलं. एक वार पाहू द्या."

भैय्याजींनी सुनेला, सुचिताला, संदूक उघडायला सांगितलं. मेडल फडक्यात गुंडाळलेलं होतं. गुणवंतानं ते उन्हात धरलं, भिंग लावलं आणि कडेनं हळूहळू फिरवलं. आधी नंबर. मग त्याच्या कानशीचा चकचकीत ओरखडा. आणि ओरखड्याला लागून चार इंग्रजी अक्षरं, धडधाकट: डोमा.

"नाव आहे, भैय्याजी. साबूत आहे."

"अन् घासलं तिथं काय होतं?"

आता आली का पंचाईत. त्या जागी हुद्दा असतो, आणि ब्राँझचं मेडल कुणाला मिळे, ते रवींद्रांनी सांगितलं होतं. गुणवंताला वाटलं, आपल्याच कानशीनं ते झाकलंय, तर झाकलेलंच राहू द्यावं. पण एकदा चुकीचं बोलल्यानं भैय्याजींची तीस वर्षं गेली होती.

"कुली होतं," तो म्हणाला. "आजा सिपाही नव्हता. बोजा वाहात होता."

भैय्याजींनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. त्यांनी डावा हात उचलून आपल्याच खांद्यावर ठेवला आणि तिथं चाचपलं.

"मी लहान असतानी त्याच्या खांद्यावर बसून जामसांवलीच्या देवाले जाव," ते सावकाश म्हणाले. "इथं घट्टा होता त्याले, मोठा. मले टोचे. मी इचारलं तर म्हणे, बंदुकीचा आहे. बंदुकीनं एवढा घट्टा होते का, गुणवंता?"

"नाही होत, भैय्याजी."

"लाज वाटत असन त्याले."

नागपूरच्या माणसाला मेडल हवंय, हेही गुणवंतानं सांगून टाकलं. भैय्याजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "तू भांड्यायवर नाव घालून देते ना?" त्यांनी विचारलं. "मंग घासलेलं परत कोरून दे."

"नाही. याले आता माहा हात लागणार नाही," गुणवंता म्हणाला. "पितळेची पट्टी आणतो. फोटोखाली लावू. तुमी सांगसान ते कोरतो."

आठ दिवसांनी तो पट्टी घेऊन आला. नाव घरूनच कोरून आणलं होतं, पुढची जागा कोरी ठेवली होती. सुचितानं फोटो पुसून ठेवला होता. गुणवंतानं पट्टी पाटावर ठेवली, छिन्नी टेकवली आणि भैय्याजींकडं पाहिलं. मनात त्याच्या अजून होतं की म्हातारा सिपाहीच सांगेल, आणि सांगितलं तर आपण मुकाट्यानं कोरू.

"कुली लिही," भैय्याजी म्हणाले. "खोल कोर. कोणी घासलं तरी जाऊ नये."