सुपातले तांदूळ

मी सूप पुढे धरलं. त्यात विडीचं पान पडायला हवं होतं. तांदूळ पडले.

मूठभर असतील. सुपावर त्यांचा आवाज झाला आणि मागच्या ओळीतल्या बाया हसल्या. मुनीम म्हणाला, "आज शनवार आहे ना. आंधळीले दान देल्लं. आता जा."

तिरोड्याचा विडी कारखाना. इंग्रजांचं राज्य आहे, लढाई चालू आहे. देवीच्या साथीत माझा एक डोळा लहानपणीच गेला. दुसऱ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. पण विडी वळायला डोळा लागत नाही. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, त्याच्या कडेने कात्री फिरवायची. तंबाखू किती, ते चिमूट सांगते. पीळ कसा बसला, ते अंगठा सांगतो. तीन वर्षं मी हेच करत होते.

अडचण एकच. तेंदूच्या पानाचा रंग मला दिसत नसे. हिरवं पान आणि तांबूस पान विड्यांच्या एकाच जुडीत, कट्ट्यात, बांधलं जाई. विडी घट्ट असे. कट्टा मात्र ठिगळं लावल्यासारखा दिसे. मुनीम तो फोडून फेकत असे. शेवटी शेजारी बसणाऱ्या भागरताने मार्ग काढला. ती माझी पानं रंगाप्रमाणे वेगळी करून देई. तिच्या विड्यांची तोंडं मी दुमडून देई. माझी बोटं तिच्यापेक्षा जलद चालत. कट्टे फुटणं बंद झालं.

तांदूळ पडले त्याच्या आदल्या दिवशी मुनीमाने हे पाहिलं. सासू-सुना एकमेकींच्या विड्यांना दोरा बांधत, ते त्याला चालत होतं. माझं चाललं नाही.

मी त्याच्या गादीपाशी गेले. तांदूळ गादीवर ओतले.

"मी भीक मांगाले नाही आली, मुनीमजी. पान द्या."

"तुले पान देऊन काय करू? देवळापाशी बस. तिथं भरते तुमच्यासारख्यायचं पोट."

आता कुणी हसत नव्हतं. भागरता उठली. तिने तिच्या वाट्याची अर्धी पानं माझ्या सुपात ठेवली. मुनीमाने आवाज न चढवता सांगितलं की असं असेल तर उद्यापासून तिनेही येऊ नये. तिचा श्वास मला ऐकू आला. तिच्या घरी दोन लेकरं, नवरा अंथरुणाला खिळलेला. मी पानं तिच्या सुपात परत टाकली.

"काऊन उभी राहून राहिली? बस तू."

ती बसली. मी एकटी बाहेर पडले. तोवर मला कामावर ठेवलं, याचे मी उपकार मानत होते. त्या दिवशी ते संपलं.

मी देवळापाशी गेले. तिथे एक आंधळा माणूस भीक मागत बसे. त्याचे हात चाचपून पाहिले. दहाही बोटं शाबूत होती. विडी शिकाल का, विचारलं.

"मले कोण ठेवते वो, बाई?"

"माहीत नाही. आधी शिका."

साचा आणि कात्री माझी स्वतःची होती. पळसाच्या पानांवर सुरुवात केली. त्याचं बोट दोनदा कापलं. तिसऱ्यांदा कडा साफ आली.

त्याचा हात बसला की आम्ही दोघे कारखान्याच्या त्याच फाटकात जाणार आहोत. विड्या मुनीमापुढे ठेवायच्या आणि सगळ्यांदेखत सांगायचं, विडीत खोट दाखव. रंग निवडायला माणूस लागतो, तो कारखान्याने बसवावा. नाही म्हणाला तर फाटक सोडायचं नाही. ओढून काढलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा आम्ही दोघेच नसू, देवळापाशी बसणारे बाकीचेही धरून जास्त असू.