सात नंबरचा पासवर्ड

आमच्या सरांचा गोपनीयतेवर इतका विश्वास होता, की स्वतःच्या डब्यात कसली भाजी आहे हेही ते कुणाला कळू देत नसत. म्हैसूरच्या एका संशोधन संस्थेत मी त्यांच्या हाताखाली प्रकल्प सहायक म्हणून लागले, तेव्हा कार्यालयांत संगणक नवे होते आणि संध्याकाळी त्यांच्यावर भरतकाम केलेली कापडं पांघरली जात. प्रकल्पाचा विषय होता संगणक वापरणारी साधी माणसं: ती आपलं लॉगिन कसं सांभाळतात, आणि प्रोग्रामिंग न शिकता आपल्या कामापुरते प्रोग्राम कसे जुळवतात. विषय चांगला होता. माणसं त्याहून चांगली निघाली, त्यामुळे विषयाचे हाल झाले.

निरीक्षणासाठी आम्ही संस्थेचा भांडार विभाग निवडला. प्रयोगशाळांना काचसामान, आम्लं, कागद, साबण, सगळं तिथून मिळे. विभागाच्या प्रमुखांना मी मामा म्हणायची. जुन्या म्हैसूर संस्थानच्या फौजेत आलेल्या मराठी घराण्यांपैकी आम्ही दोघंही, आणि अशा दोन माणसांनी इथे जरा वेळ बोलावं, की कुठेतरी मामा-भाची निघतंच.

सरांनी विभागातल्या प्रत्येकाला नावाऐवजी नंबर दिला. मधले काही आकडे मुद्दाम गाळले, तेही गोपनीयतेसाठीच. आमच्या कुठल्याही कागदावर नाव येता कामा नये, अशी त्यांची सक्त ताकीद होती. भांडारात मात्र नंबर सगळ्यांना फार आवडले. आठवड्याभरात मंडळी एकमेकांना त्याच नावानं हाका मारू लागली. "अहो तीन नंबर, फोन आलाय!" "पाच नंबरला साखर नको हं!" मामा सात नंबर होते, आणि ते वयानं मोठे म्हणून त्यांना सात नंबर सर म्हणत.

पासवर्ड कुणाला सांगू नये, यावर मी तिथे व्याख्यान दिलं. घरच्या माणसालाही नाही, असं ठासून सांगितलं. तीन नंबरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सुम्ने असंच विचारते कणम्मा, त्यात लपवण्यासारखं काय आहे?" मी व्याख्यानाचे कागद पुन्हा चाळून पाहिले.

तिथली रीत अशी होती. मामा सकाळी सगळ्यांच्या आधी येत. खिडक्या उघडत, दिवे लावत, आणि मग चारही संगणक आपल्याच पासवर्डनं उघडून ठेवत. बाकीचे येऊन जागा मिळेल तिथे बसत. मध्येच संगणक बंद पडला, तर मामांचाच पासवर्ड घालून पुन्हा उघडत. वडीलधाऱ्या माणसानं उघडून ठेवलेला संगणक बंद करून त्यात आपलं नाव घालायचं, हे कुणाच्या मनातही येत नसे. परिणामी आपापला पासवर्ड सगळे विसरून गेले होते. मी हे सरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आपण फक्त निरीक्षण करायचं, ढवळाढवळ नाही."

ढवळाढवळ न करता मी पाहिलं, ते असं. तीन आणि पाच नंबरनी मिळून साठ्याचा एक तक्ता केला होता. एखादी वस्तू संपत आली की तिची ओळ लाल होई आणि मागणीची चिठ्ठी छापून निघे. पण राहुकाळात नाही. दर वाराचा राहुकाळ वेगळा, तो त्यांनी सूत्रांत व्यवस्थित बसवला होता, त्यामुळे तेवढा वेळ तक्ता पांढराशुभ्र राही. एकदा शुक्रवारी एका शास्त्रज्ञाचं आम्ल संपलं आणि ते दुपारी बारापर्यंत रिकामी बाटली घेऊन भांडाराच्या दारात उभे राहिले. पाच नंबरनी त्यांना बसायला स्टूल दिलं.

संगणकाच्या नोंदींत अर्थात यातलं काहीच नव्हतं. तिथे एकच माणूस होता, क्रमांक सात. सरांनी संस्थेच्या चर्चासत्रात आलेख दाखवला. हा विलक्षण वापरकर्ता एकाच वेळी चार संगणकांवर काम करतो, असं त्यांनी गहिवरून सांगितलं. यात त्यांना शंका आली नाही, आदर वाटला. एका तारखेवर काठी ठेवून ते म्हणाले, "या दिवशी तर ही व्यक्ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबलेलीच नाही!" मागच्या रांगेतून भांडारवाले टाळ्या पिटत ओरडले, "आमचे सात नंबर सर! आमचे मामा!"

पहिल्या रांगेतल्या प्रशासन अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दिवसाच्या मामांच्या रजेवर त्यांनीच सही केली होती. मामा त्या दिवशी टी. नरसीपूरला, संगमावर, आईच्या वर्षश्राद्धाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. एक तर रजा खोटी, नाहीतर पासवर्ड दुसऱ्याला दिला, आणि नव्या नियमानं दोन्ही गुन्हेच. येत्या युगादीला, म्हणजे पाडव्याला, मामा निवृत्त होणार होते. सगळ्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात वाकडा शब्द पडला नव्हता, आणि आता पडणार होता. मेमो त्यांनी माझ्यापुढे धरला. "जाताना डाग घेऊन जायचं का गं?" एवढंच ते म्हणाले. मला सरांचा असा संताप आला, की त्यांचा आलेख फाडून त्यांच्याच डब्यात कोंबावा.

चौकशीला टेबलापलीकडे अधिकारी आणि सर, अलीकडे मामा. टिपणं घ्यायला मी. भांडारवाले दाराशी खोळंबलेले. अधिकाऱ्यांनी मामांचं नाव घेऊन पहिला प्रश्न विचारला, तोच सर उठून उभे राहिले.

"नाव घेता येणार नाही. संशोधनात भाग घेणाऱ्याची ओळख गुप्त असते."

"अहो, पण ते समोर बसलेत!"

"समोर कोण बसलंय, हे आपल्याला माहीत नाही."

अधिकाऱ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनीही अदबीनं मागे वळून पाहिलं, आणखी कोणी बसलंय का म्हणून. बराच वाद झाला. शेवटी, तुम्ही नाव लिहिलंत तर मी सगळा प्रकल्प मागे घेईन आणि कारण दिल्लीला कळवीन, असं सर म्हणाले. दिल्लीचं नाव निघताच अधिकारी नरमले. पुढची सगळी चौकशी सात नंबरची झाली.

"सात नंबरनी पासवर्ड कुणाला दिला होता?"

"सगळ्यांना, सर," मामा म्हणाले.

"का?"

मामांनी दाराकडे पाहिलं. दारातून पाच नंबर म्हणाले, "हेळी सर, सांगा त्यांना." मग मामांनी आधी पासवर्डच सांगून टाकला. ते एका बाईचं नाव होतं, जुन्या वळणाचं, हल्ली कुणी ठेवत नाही तसं. सरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, पण तोवर ऐकून झालं होतं.

"आईचं," मामा म्हणाले. "मी तिला आईच म्हणायचो. नावानं हाक मारणारी सगळी माणसं गेली, सर. घरात ते नाव आता कोण घेणार? इथे ही मुलं दिवसभर घेतात. मला बरं वाटतं."

तीन नंबरच्या बाई दारात मुसमुसत होत्या. इतके दिवस आपण काय टाकत होतो, ते त्यांनाही आत्ताच कळत होतं. मी टिपणं घ्यायची थांबले होते. माझ्याच्यानं लिहवेना.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि निकाल सांगितला. सात नंबरना तंबी देण्यात येते, त्यांनी आजच पासवर्ड बदलावा आणि तो कुणाला सांगू नये. तंबीचा कागद टाइप झाला, सही झाली, आणि मग आस्थापना विभागातून परत आला. त्यावर नाव नसल्यामुळे तो कुणाच्याच सेवापुस्तकात लावता येत नव्हता. मामा बिनडाग सुटले, आणि तेही आमच्या सरांच्या हट्टापायी. त्या हट्टाबद्दल मी त्यांचे आभार मानले. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नाही.

पासवर्ड मात्र बदलायचाच होता. भांडारात मामांच्या शेजारी मी बसले. बाकीचे आज्ञाधारकपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मामांनी जुना पासवर्ड एकेक अक्षर शोधत टाकला. मग नव्याच्या जागीही त्यांनी तेच नाव टाकलं, चोरून, माझ्याकडे न बघता. मीही भिंतीकडे बघितलं.

पडद्यावर चौकट आली. मामांनी चष्मा वर करून विचारलं, "काय म्हणतंय?"

"हा पासवर्ड पूर्वी वापरलेला आहे, पुन्हा चालणार नाही, असं म्हणतंय."

"ह्याला कसं कळलं, तेच नाव आहे म्हणून?"

"आत साठवलेलं असतं, मामा. नवा घातला तरी जुना ते विसरत नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

"म्हणजे तिचं नाव आत आहे," ते म्हणाले. "आयतु, झालं मग. आता तू सांगशील ते टाकतो."