इदवालची पाठ

आमच्या खोऱ्यात कोळशाच्या दोन खाणी होत्या. खाली नदीकाठी थोरली आणि वर डोंगरात आमची धाकटी, साठ-सत्तर माणसांची. एवढ्याशा खाणीत अबोला धरायचा तर तो सगळ्यांनी मिळून नीट धरावा लागतो. इदवाल प्रॉसरशी आम्ही तो छत्तीस वर्षं धरला. त्यात मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

एकोणीसशे सव्वीस सालचा संप सात महिने चालला. लोकांनी उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढले. संप मिटायला दोन आठवडे उरले असताना इदवाल कामावर गेला आणि त्या दिवसापासून तो फितूर. का गेला? कुणी म्हणे, पोर आजारी होतं. कुणी म्हणे, सासऱ्यानं भरीस घातलं. विचारायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तेच तर बंद होतं. माझे वडील एमलिन त्याचे जोडीदार, वर्षानुवर्षं शेजारी बसून कुदळ मारलेले. त्यांनी जोडीदार बदलला.

खाणीत त्याचं नाव फक्त एकाच प्रसंगी ऐकू यायचं. छत करकरलं की कुणीतरी ओरडायचं, "इदवाल, मागे हो!" जीव वाचवायला आमची ना नव्हती. तो मागे व्हायचा, पण सावकाश. नाव ऐकायला मिळावं म्हणूनच तो कच्च्या छताखाली बसतो, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

एक्कावन्न साली खाणीच्या तोंडाशी न्हाणीघर झालं. तोवर घरी शेकोटीपुढच्या टबात बसायचं आणि बायकोनं पाठ घासून द्यायची. आता फवाऱ्याखाली रांगेत उभं राहायचं आणि शेजाऱ्याची पाठ घासायची, कारण आपला हात तिथे पोचत नाही. दारुड्या असो, भांडखोर असो, मुकादमाचा चमचा असो, सगळ्यांच्या पाठी घासल्या जायच्या. इदवालची नाही. तो काळ्या पाठीवर शर्ट चढवून घरी बायकोकडे, तेग्वेनकडे जायचा.

पंचावन्न साली तेग्वेन वारली. मग ती पाठ काळीच राहिली.

"अरे, इदवालच्या पाठीवर नवा थर सापडलाय! कुदळी आणा लेको!" विल्फ ओरडायचा आणि आम्ही खिदळायचो. पुढे इदवालनं पोत्याचा तुकडा दोरीला बांधून आणला आणि दोन्ही हातांनी पाठीवरून मागेपुढे ओढू लागला. त्या दिवशी मला हसू आलं नाही. घरी वडिलांना म्हटलं, "बाबा, निदान पाठ तरी..."

"लाव की हात," ते म्हणाले. "मग तुझी कोण घासतो ते बघ."

मी हात लावला नाही. माझी पाठ रोज स्वच्छ व्हायची.

साठ साली वडील गेले. बासष्टच्या मार्चात धाकटीला कुलूप लागलं. शेवटच्या पाळीनंतर सगळ्यांनी भराभर आटोपलं, खाली पबात बियरचं पिंप उघडणार होतं. मी मुद्दाम रेंगाळलो. शेवटी न्हाणीघरात तो आणि मी, दोघेच उरलो. त्याला काय हाक मारायची हेच मला ठाऊक नव्हतं. वडिलांचा जोडीदार, म्हणजे काकाच की.

"इदवालकाका," मी म्हटलं, "वळा जरा. पाठ घासतो."

त्यानं पाणी बंद केलं.

"एमलिनचा ना रे तू?"

"हो."

"अकरा वर्षं शेजारच्या फवाऱ्याखाली आहेस."

"हो."

त्यानं दाराकडे पाहिलं. बाहेर विल्फचं हसणं लांब जात होतं.

"मग ते सगळे इथे होते, तेव्हा का नाही आलास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे, पोरा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "अंग पूस. गारठशील."

मग त्यानं काळ्या पाठीवर शर्ट चढवला, एकेक बटण लावलं आणि चढणीच्या रस्त्यानं एकटा घरी गेला.

मी पबात पोचलो तेव्हा गाणी रंगात आली होती.

"कुठे तडमडला होतास रे एवढा वेळ?" विल्फनं विचारलं.

"साबण सापडत नव्हता," मी म्हणालो.